धाकटीला ताण

धंतोली, नागपूर
२० नोव्हेंबर १९७४

सौ. यमुताई विहीणबाईंना कौसल्येचा नमस्कार.

तुमचा दिवाळीचा डबा पोचला. कंदी पेढे प्रवासात एकमेकांना असे बिलगले होते की विळीवर चिरून वाटावे लागले, पण चव जागेवर होती. चकलीवरून मात्र घरात दोन तट पडले. ताराची चकली चांगली की तिच्या आईची, यावर बाप-लेक जेवण होईपर्यंत वाद घालत होते. मी कोणत्या बाजूला होते ते सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वर्षी तुम्ही डबा पाठवायच्या नाहीत.

तुमची लेक आता पक्की नागपूरकरीण झाली आहे. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला ‘सांभार घेऊन ये’ म्हटलं, तर पातेलं घेऊन निघाली होती. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, हे तिला बिचारीला कोण सांगणार? आता बर्डीच्या बाजारात भाजीवाल्याशी माझ्याहून जोरात भांडते. परवा म्हणत होती, “काहून गा, काल एक भाव अन् आज दुसरा?” मी मागे पिशवी धरून उभी होते. मला फार बरं वाटलं.

थोरला मुलगा आणि थोरली सून भिलाईहून चार दिवस येऊन गेले. ते गेल्यावर घरात पुन्हा आम्ही चौघं. यांचं म्हणजे भैय्याजींचं सगळं लक्ष कळमेश्वरच्या संत्र्यांत. दोन बागा आहेत हे तुम्हाला माहीत आहेच. यांनी त्यांना नावंच देऊन टाकली आहेत, थोरली आणि धाकटी. थोरली जुनी. धाकटी ताराच्या लग्नाच्या वर्षी लावलेली. एकदा जेवताना हे म्हणाले, “धाकटी लय गुणाची निघाली.” तारा लाजून वाढायचंच विसरली. मग पुढचं वाक्य आलं, “फक्त शेणखत कमी पडते तिले.” त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो.

मध्ये तुमच्या जावयाला, आनंदला, जरा बरं नव्हतं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे दोनतीन फेऱ्या झाल्या. विशेष काही नाही, मनात आणू नका.

व्याह्यांना नमस्कार.

तुमची
कौसल्या

*

सातारा
२ डिसेंबर १९७४

सौ. कौसल्याबाई विहीणबाई, नमस्कार.

चकलीच्या भांडणात तुम्ही कोणत्या बाजूला होतात ते तुमच्या न सांगण्यावरूनच समजलं. असो. लेकीकडून हरले तर मला वाईट वाटत नाही. पण पुढच्या वर्षी चकलीऐवजी शेव येईल, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुमची पत्रं मला आवडतात. खरं सांगायचं तर बागेच्या ओळी आल्या की मी उडी मारून पुढे जाते. रागावू नका. संत्र्यातलं मला सालीपलीकडे काही कळत नाही. मी पत्रात एकच ओळ शोधत असते आणि ती याही पत्रात नव्हती. तुम्ही समजलात. सहा वर्षं झाली. इथं प्रत्येक हळदीकुंकवाला कोणीतरी विचारतं आणि मी हसून साखरेची वाटी पुढे करते. गुरुवारचे उपास चालू आहेत. अंगाऱ्याची पुडी सोबत आहे, ताराला द्या.

तुम्हाला सांगू नये असं वाटत होतं, पण मनातून जात नाही म्हणून लिहिते. शेजारच्या कांताबाईंच्या देवकीला सासरच्यांनी आणून सोडली. नवरा स्वतः आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाण्याचा घोटही न घेता माघारी गेला. पाळणा हलला नाही, एवढाच तिचा गुन्हा. आता ती पोर भावजयीच्या हाताखाली दळण-कांडण करते आणि कोणी हाक मारली की दचकते. तुमच्या घरी असं होणार नाही, मला ठाऊक आहे. तरी देवकी दिसली की मी देवासमोर जाऊन बसते.

जावईबापूंची तब्येत कळवा.

तुमची
यमुना

*

(पोस्टकार्ड)
नागपूर
१२ डिसेंबर १९७४

सौ. यमुताईंना नमस्कार.

घरी पाहुण्यांची वर्दळ, म्हणून कार्डावर भागवते. देवकीचं वाचून फार वाईट वाटलं. आनंद बरा आहे. इकडची खबर म्हणाल तर धाकटीला सहा वर्षं झाली, अजून फळ नाही, म्हणून यांनी यंदा तिला ताण द्यायचं ठरवलं. आठवड्यापासून पाणी तोडलं आहे. अजून टवटवीत दिसते, पण आता हळूहळू सुकत जाईल. माझा जीव कळवळतो. चोरून थोडं पाणी देऊ का म्हटलं, तर हे ओरडले, “तुले काही समजते का? आता दया दाखवशील तं जन्मभर वांझ राहीन ते!” यांना यातलं जास्त कळतं, म्हणून गप्प बसले. संक्रांतीपर्यंत असंच. जागा संपली.

कौसल्या

*

सातारा
१८ डिसेंबर १९७४

सौ. कौसल्याबाई यांना,

कार्ड मिळालं. जे समजायचं ते समजलं. असल्या गोष्टी उघड्या कार्डावर लिहायला तुमचा हात धजला कसा, हे मात्र समजलं नाही. कार्ड देताना पोस्टमननं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही.

मूल नाही यात ताराचा दोष नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. तरी शिक्षा तिलाच. तुम्ही स्वतः बाई आहात, दोन मुलांची आई आहात, आणि गप्प बसलात. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझ्या ताराला सासू नाही, दुसरी आई मिळाली आहे. त्या माझ्या शब्दांची आज मला लाज वाटते.

यांना मी काही दाखवलेलं नाही. डॉक्टरांनी यांना रक्तदाब सांभाळायला सांगितलं आहे. माझं म्हणाल तर कार्ड आल्यापासून घास घशाखाली उतरत नाही. छातीत धडधडतं. पाण्याचा पेला तोंडाला लावला की पोरीची आठवण येते आणि तसाच खाली ठेवते.

ताराला ताबडतोब पाठवून द्या. आई आजारी आहे असं सांगा, ते खोटंही नाही. पुढचं काय ते ती इथं आल्यावर ठरवू.

यमुना

*

नागपूर
२७ डिसेंबर १९७४

ती. यमुताईंना कौसल्येचा साष्टांग नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्याहून लहान असाल, पण आज नमस्कार असाच लिहावासा वाटला.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. कधी ना कधी तुम्हाला कळणार हे मला माहीत होतं. माझ्या कोणत्या शब्दावरून कळलं ते अजून ध्यानात येत नाही. कार्डावर असं काही लिहिल्याचं आठवत नाही, पण पाहुण्यांच्या गडबडीत हातून काय उमटलं कोण जाणे. आता त्याची चर्चा कशाला? तुमचा राग रास्त आहे. शिक्षा तिलाच, असं तुम्ही लिहिलंत. तेही खरं आहे. मी गप्प बसले, तेही खरं आहे.

आनंद उद्याच्या गाडीनं ताराला घेऊन निघेल. तिला तुमच्या आजारपणाचंच सांगितलं आहे. तिनं घाईघाईत पिशवी भरली आणि मग मला कोणत्या बरणीत काय आहे ते सांगत बसली, जणू हे घर मला नवीन. मी मान हलवत होते.

पुढे तुम्ही आणि ती जे ठरवाल त्याला आमची ना नाही. या घरात तिला कोणी वाकडा शब्द बोललं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगते. ती बागेतून येताना उशीर झाला तर हे फाटकाशी उभे राहतात. आज त्यांनी मला विचारलं, “कौसल्ये, पोरगी वापस येईन ना वं?” मी कढईखालचा जाळ सारखा करायला लागले.

तिचा स्वेटर विणायला घेतला होता, एक बाही राहिली आहे. झाला की पाठवते.

कौसल्या

*

सातारा
५ जानेवारी १९७५

सौ. कौसल्याबाई, अहो विहीणबाई,

कसं लिहू ते कळत नाही. बसून वाचा आणि हातात गरम काही धरू नका.

तारा आली. जावईबापूंनी तिची पिशवी ओट्यावर ठेवली, मला वाकून नमस्कार केला, वर पाहिलं नाही, आणि “लगेचची गाडी आहे” म्हणून चहाही न घेता परत फिरले. माझ्या डोळ्यांसमोर देवकीचा नवरा उभा राहिला. तीच पिशवी, तोच ओटा.

ताराला आत घेतलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं तर ती मला वाळलेलीच दिसली. पहिला तांब्या पाणी दिलं, ती प्यायली. मग लिंबाचं सरबत. मग ताक. मग मी शेजारून शहाळं मागवलं. तारा म्हणाली, “आई, मी काय उंट आहे? आणि आजारी तू आहेस ना?” मी म्हटलं, “पी बाळ, इथं तुला कोणी अडवणार नाही.” आणि मला रडू फुटलं. तिचे वडील चष्मा कपाळावर ढकलून नुसते पाहत राहिले.

मग मी मिठाच्या बरणीखाली दडवलेलं तुमचं कार्ड काढलं आणि तिच्या पुढ्यात टाकलं. म्हटलं, “लपवू नकोस. सासऱ्यांनी तुझं पाणी तोडलं ना? मूल होत नाही म्हणून ताण देतात ना तुला?”

तिनं कार्ड वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग जी हसायला लागली ती थांबेचना. भिंतीला टेकली, खाली बसली, डोळ्यांना पाणी आलं, शब्द फुटेना. मला वाटलं पोरीला वेड लागलं. शेवटी कसंबसं म्हणाली, “अगं आई, धाकटी म्हणजे बाग!”

मग तिनं मला पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं शिकवलं. संत्र्याच्या झाडाला सतत पाणी मिळालं तर ते नुसतं पानांनी माजतं, फुलत नाही. म्हणून हिवाळ्यात त्याचं पाणी बंद करायचं, पानं थोडी गळू द्यायची, त्याला ताण देणं म्हणतात. मग पाणी सोडलं की सगळी बाग एकदम फुलते. हे सगळं तुम्ही दर वर्षी पत्रात लिहीत होतात म्हणे. आणि मी दर वर्षी उडी मारून पुढे जात होते. लोक ध चा मा करतात. मी अख्ख्या बागेची सून केली!

यांना कार्ड दाखवलं. हे एवढे हसले की मला रक्तदाबाची खरीच काळजी वाटली.

आता एक गोष्ट सांगते, तीही हसण्यावारी नेऊ नका. कार्ड आल्यापासून माझ्या छातीत धडधड होती, जेवण तुटलं होतं, गुडघे सुद्धा जास्त दुखत होते. तारानं ते तीन शब्द उच्चारले आणि सगळं जागच्या जागी थांबलं. मला कडकडून भूक लागली. मी उभ्यानं दोन भाकऱ्या आणि ठेचा खाल्ला. कार्ड तेच होतं हो. एका अक्षराचा फरक नव्हता. मग इतके दिवस मला आजारी कोणी पाडलं? तुम्ही तर नाहीच.

मी तुम्हाला जे लिहिलं ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. पदर पसरून माफी मागते. ते पत्र चुलीत घाला.

पण विहीणबाई, आता तुमचं पत्र. ते मी पुन्हा काढून वाचलं आणि हसू थांबलं. मी तर बागेला सून समजले होते, तुम्ही कशाची माफी मागितलीत? मला काय ‘कधी ना कधी कळणार’ होतं? ताराला विचारलं. तिचं तोंड एकदम उतरलं. “मले काय माहीत,” असं तुमच्या बोलीत म्हणाली आणि भांडी घासायला मोरीत गेली. भांडी घासून झालेली होती.

तुम्ही सांगा. मी आता प्रत्येक ओळ वाचणार आहे.

तुमची
यमुना

*

नागपूर
१४ जानेवारी १९७५, संक्रांत

सौ. यमुताईंना नमस्कार.

आधी हसण्याचं. तुमचं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. यांनी कपाळाला हात लावला, मग दिवसभर आठवून आठवून हसले. संध्याकाळी म्हणाले, “इहीनबाईले लिही, आजच पाणी सोडलं म्हणा. चिंता करू नका.” तुमचं पत्र मी चुलीत घातलेलं नाही. आपण दोघी म्हाताऱ्या झालो की वाचू.

आता तुम्ही विचारलंत ते. तुम्ही माझी बाग चुकीची वाचलीत, तशी मी तुमची ओळ चुकीची वाचली. ‘ताराचा दोष नाही हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे.’ मला वाटलं, कळलं यांना.

दोष आनंदमध्ये आहे, यमुताई.

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, दोघांना तपासावं लागेल. मी म्हटलं, आधी माझ्या मुलाला तपासा. सगळी दुनिया आधी सुनेला तपासते, म्हणून मी तसं म्हटलं. निकाल काय येईल याची मला कल्पना नव्हती. रामदासपेठेच्या त्या फेऱ्या खोकल्या-तापाच्या नव्हत्या. उपाय करून पाहिले. आता डॉक्टरांनी फार आशा धरू नका म्हणून सांगितलं आहे.

ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी तारानं स्वयंपाकघरात माझा हात धरला. म्हणाली, “बाई, हे बाहेर जाऊ देऊ नका. त्यांची मान खाली झालेली मले पाहवणार नाही. लोक मले बोलतात तं बोलू द्या.” मी विचारलं, “अन् तुह्या आईले?” ती म्हणाली, “आईले तं मुळीच नाही.” तेव्हापासून तुमच्या अंगाऱ्याच्या पुड्या येत होत्या, ती त्या देवापुढे ठेवत होती, तुमचे उपास पत्रात वाचत होती, आणि मी बघत होते. तुमच्या मुलीच्या माथी आमचं ओझं, आणि मी गप्प. माझी चोरी मला माहीत होती, म्हणून तुमचा प्रत्येक शब्द मला त्या चोरीवरच येऊन पडला.

आनंद चहाला थांबला नाही ते गाडीसाठी नाही. गाडीला बराच वेळ होता. तो तुमच्या स्टेशनवर बाकावर बसून राहिला. मला घरी येऊन म्हणाला, “आई, मी तिच्या आईच्या डोळ्यात कसा पाहू?” तो अजून पोटभर जेवत नाही. कालच्या तुमच्या पत्राचं त्याला सांगितलं तेव्हा थोडा हसला.

मी तिला दिलेला शब्द मोडून हे लिहिते आहे. तिला कळलं तर रागावेल. पण तुम्ही तिची आई आहात आणि तुम्ही सरळ विचारलंत. आता खोटं लिहिणं मला जमलं नाही.

तारा अजून तिशीतही नाही. तुम्ही तिला तिथंच ठेवून घेतलंत, पुढचा काही दुसरा विचार केलात, तर मी कोणत्या तोंडानं अडवू? पण तुम्ही मला विचारलंत तर सांगते. मला ती हवी आहे. नातवंडासाठी म्हणून मी तिला आणली असेन त्या दिवशी, आता तसं नाही. ती गेल्यापासून मी कोणाशी भांडलेसुद्धा नाही. घरात भांडायला माणूसच उरलं नाही.

तिळगूळ आणि ताराचा स्वेटर सोबत आहे, दुसरी बाही काही हातून झाली नाही. गोड बोला असं म्हणायची आज हिंमत नाही.

तुमची
कौसल्या

*

सातारा
२६ जानेवारी १९७५

सौ. कौसल्याबाई, नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लागला. लागायलाच हवा होता. त्या दिवशीच लिहिलं असतं तर फार वाईट लिहिलं असतं.

पहिल्यांदा वाचलं. एकच शब्द डोक्यात, फसवलं. माझे एवढे उपास, देवळाच्या पायऱ्या, हळदीकुंकवातले ते टोमणे, आणि नागपूरला सगळ्यांना खरं माहीत! मी दोन दिवस ताराशी धड बोलले नाही. तिनं चहा दिला तर म्हटलं नको. यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, गुडघे.

तिसऱ्या दिवशी ती अंगणात बसून देवकीला स्वेटरचे टाके शिकवत होती. तुम्ही पाठवलेला तो, एका बाहीचा. म्हणाली, बाही मीच विणेन, बाईंना पाठवायला सांगितली तर उगाच टपालखर्च. देवकी हसत होती. सासरहून आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी खिडकीत उभी राहून तुमचं पत्र पुन्हा वाचलं. या खेपेला दुसरीच ओळ दिसली. ‘लोक मले बोलतात तं बोलू द्या.’ कार्डासारखंच झालं हो. अक्षरं तीच होती. आधी मी त्यात माझी झालेली फजिती वाचली, आता माझी मुलगी दिसली. नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून वर्षभर गाव अंगावर घेणारी. एवढी मोठी ती कधी झाली, मला कळलंच नाही. आणि मुलाला आधी तपासा म्हणणारी सासू मी तरी पाहिली नाही. मी साताराभर सांगत होते ते खरंच होतं, म्हणायची.

मला कळलं आहे हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तिनं एवढं जपलं, ते आपण का सांडायचं? यांनाही नाही. उपास मात्र मी सोडले. तिनं कारण विचारलं. म्हटलं, वय झालं, पित्त होतं. लगेच पटलं तिला.

काल पोळ्या लाटता लाटता एवढंच विचारलं, “तारा, मूल नाही याचं तुला दुःख होतं का गं?”

ती म्हणाली, “होतं ना आई. बर्डीवर कोणाचं बाळ हात पुढे करतं तेव्हा होतं. पण दिवसभर मी दुःखी नसते. घरात कोणी मला तसं बघतच नाही, मग मीही विसरते.”

मी पोळी तव्यावर टाकली. मला माझ्या सहा वर्षांच्या काळजीची कीव आली. मी तिच्या वाट्याचं दुःख इथं बसून करत होते, आणि ती तिथं भाजीवाल्याशी भांडत होती.

तुम्ही विचारलंत, दुसरा विचार केला तर? केला. आई आहे, मनात येऊन गेलं, लपवत नाही. मग तिच्याकडे पाहिलं आणि तो विचार माझा मलाच परका वाटला. जावईबापूंना सांगा, घ्यायला त्यांनीच यायचं. स्टेशनवरच्या बाकावर नाही, आमच्या पाटावर बसायचं, दोन दिवस राहायचं, आणि सासूच्या डोळ्यात खुशाल पाहायचं. तिथं त्यांना काहीही सापडणार नाही. भूक लागली नाही असं म्हणाले तर मी ऐकणार नाही, हेही सांगून ठेवा.

आज सकाळी हे पत्र लिहायला बसले. तारा वेणी घालत होती. विचारलं, “तुझ्या सासूबाईंना तुझ्याकडून काय लिहू?”

ती म्हणाली, “लिही, मी येऊन राहिली.”

मी म्हटलं, “अगं, अजून निघाली नाहीस, येऊन राहिलीस कुठली?”

ती हसली. “आई, आमच्याकडे येऊन राहिली म्हणजे येतेच आहे, निघालेच.”

आमच्याकडे म्हणाली. मी ऐकलं, आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही. आमच्या सातारी कानांना त्याचा अर्थ लागतो, आली ती आली आणि कायमची राहिली. तुमचं एक कार्ड चुकीचं वाचून मी पंधरा दिवस उपाशी राहिले. या वाक्याचे मात्र तुम्ही नागपुरी आणि सातारी असे दोन्ही अर्थ घ्या. दोन्ही बरोबर आहेत, मी तिच्या तोंडाकडे बघून खात्री केली आहे. म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

विहीणबाई, तारा येऊन राहिली.

तुमची
यमुना